डार्क थीम लावली आणि रेकॉर्डचा तांबडा दिवा गायब

पखवाजी मिरजकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबड लावतो, कारण प्रकार सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी मिरजेचा. दिवसा दुकान, संध्याकाळी पखवाज. माडीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून एक ‘स्टुडिओ’ केलाय. तीन माइक, एक जुना लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं येतात, दोन-चार अभंग, एखादी गौळण रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घेऊन जातात. पखवाज बहुतेक वेळा मीच वाजवतो. म्हणजे बटण दाबायचं, पळत जाऊन मांडी घालायची आणि मान डोलवायची.

दिवाळीत पोरगा कॉलेजातून घरी आला. ‘बाबा, रात्री एकपर्यंत हा पांढरा पडदा बघता, डोळे जातील’ म्हणून त्यानं इंटरनेटवरून एक काळीकुट्ट थीम उतरवून बसवली. दिसायला झकास. आलेला प्रत्येक जण म्हणाला, आता खरा स्टुडिओ वाटतो.

गेल्या शुक्रवारी एक वयस्कर बुवा आले होते. ७८ वय, पण आवाज असा की गोधड्या हलल्या. अठरा मिनिटांचा अभंग, एका दमात. ऐकायला बसलो तर बुवांच्या ट्रॅकवर काहीच नाही. पेटी आणि पखवाज तेवढे आलेत, आणि बुवा पेटीच्या माइकमधून शेजारच्या वाड्यात गात असल्यासारखे ऐकू येतात. त्यांच्या ट्रॅकचा रेकॉर्ड-आर्म, म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार ठेवणारं बटण, चालूच नव्हता. बुवा काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. ते जास्त लागलं.

पोराला फोन केला. व्हिडिओवर बघून तो म्हणतो, ‘बाबा, चालू असलेली दोन बटणं लालभडक आहेत की!’ मला तिन्ही सारखीच. राखाडीवर काळपट ठिपका. आधीच्या फिकट थीममध्ये मात्र चालू-बंद लगेच कळायचं.

तांबड्या-हिरव्यात माझा लहानपणापासून घोळ आहे, हे खरं. गिझरचा दिवा लागलाय का हे अजून बायकोला विचारतो. पण सगळीकडे वाचतो की डार्क मोड डोळ्यांना चांगला. मग माझंच उलटं का झालं? आणि पडदा काळा ठेवूनही बटण दिसेल असं काही करता येतं का? मला कोडिंग येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रातकिडा

जुनी थीम परत लावा. विषय संपला. हाकानाका.

पखवाजी मिरजकर

ते केलं असतं हो. पण आमची मंडळं शेतातली कामं उरकून दहाला येतात. खोलीत एकच बल्ब. पांढऱ्या पडद्यासमोर तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. पोरगं चुकीचं बोललं नव्हतं.

डोळस

काका, डोळे तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहिते. तुमचं ‘उलटं’ झालेलं नाही, अगदी अपेक्षित तेच झालंय.

‘लाल-हिरवा रंगांधळेपणा’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन मोठे गट आहेत. एकात हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची गडबड असते. त्यांना रंग ओळखताना चुकायला होतं, पण लाल गोष्ट उजळ आहे की मंद हे साधारण इतरांसारखंच कळतं. दुसऱ्यात लांब तरंगलांबीच्या, म्हणजे लाल बाजूच्या पेशीच नसतात किंवा बिघडलेल्या असतात. या लोकांना लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो *अंधारलेला* दिसतो. तुमचं गिझरचं वाक्य वाचलं तेव्हाच मला हा दुसरा गट वाटला. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे पेटल्याचं उशिरा कळतं का?

आता तुमचंच उदाहरण घ्या. काळपट दिसणारा ठिपका फिकट राखाडी पाटीवर ठेवला तर उठून दिसणारच. रंग कळला नाही तरी गडदपणा कळतो. तोच ठिपका काळ्या पाटीवर ठेवला की संपलं. डार्क मोडनं तुमच्या हातातली एकमेव खूण काढून घेतली.

इथे लिहून निदान होत नाही. जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांचे तक्ते असतात. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेले, अजून तेच चालतात. पाच मिनिटांचं काम आहे. आणि चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे का तेही लिहा.

एक सहज विचारते, आजोळी कुणाला होतं का हे? हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे तुम्हाला आईकडून. तुमच्याकडून मुलाला वाय जातं, त्यामुळे तो दोष तुमच्याकडून त्याला जात नाही. म्हणून त्याला ती बटणं खरोखर लालभडक दिसली. थीम निवडताना त्याच्या डोक्यात हे येणार तरी कसं!

पखवाजी मिरजकर

ताई, मामा. सख्खा मामा. कच्चे टोमॅटो घेऊन यायचा म्हणून मामी डोक्याला हात लावायची. आम्ही त्याला हसायचो.

ब्रेकचे दिवे… हो. म्हणूनच मी अंतर ठेवून चालवतो, बायको म्हणते घाबरट. सिलिंडरचा नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना.

डोळस

मग शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरी अक्षरंसुद्धा तुम्हाला त्रास देत असणार. पडदा काळा असला की बाहुली मोठी होते, आणि सिलिंडर असलेल्या डोळ्यात अक्षरांच्या कडा फुलल्यासारख्या पसरतात. काळ्याऐवजी गडद राखाडी घ्या, पांढऱ्याऐवजी मळकट पांढरा. आणि लॅपटॉपच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एक छोटा दिवा ठेवा. थीमपेक्षा त्या दिव्याचा उपयोग जास्त होईल, असा माझा अंदाज.

तारेवरची कसरत

डोळसताईंनी जे सांगितलं ते आकड्यांत मोजून बघितलं. गडद थीममध्ये असतो तसा लाल धरला (१३९, ०, ०; कंसात लाल, हिरवा, निळा यांची मापं, प्रत्येकी ० ते २५५) आणि पाटी गडद राखाडी (४०, ४०, ४०). वेबच्या सुलभता-नियमांचं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद फरकाचं, सूत्र लावलं तर उत्तर येतं जेमतेम १.५ : १. बटणं, चिन्हं यांना ते नियम किमान ३ : १ मागतात. तोच लाल फिकट राखाडीवर (२००, २००, २००) ठेवा, ६ : १ च्या आसपास जातो. आणि हे सूत्र धडधाकट नजर धरून केलेलं. म्हणजे ही जोडी कुणाच्याच डोळ्यांना धड नाही. बाकीचे लोक फक्त ‘लाल’पणावर वेळ मारून नेतात.

आता उपाय. कोडिंग नाही, पण थोडं चित्रकाम आहे.

रीपरची थीम म्हणजे शेवटी एक झिप असते. फाइलची एक प्रत काढा, शेपटाचं नाव, म्हणजे टिंबानंतरचा भाग, बदलून नुसतं झिप करा, उघडा. आत शेकडो छोटी पीएनजी चित्रं दिसतील. त्यात ट्रॅक-रेकआर्म-ऑन आणि ट्रॅक-रेकआर्म-ऑफ शोधा, नावात जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर असेल. रीपरच्या मिक्सरच्या पॅनेलसाठी तीच जोडी असते, नाव एमसीपीनं सुरू होतं. चित्र उघडलंत की एकाच पट्टीत शेजारी-शेजारी तीन बटणं दिसतील: साधं, माउस वर नेल्यावरचं, दाबल्यावरचं. तिन्ही रंगवावी लागतात. एकच रंगवलंत तर माउस नेताच बटण जुन्या रूपात जाईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

आणि रंग बदलून थांबू नका, आकार बदला. बंद असेल तर पोकळ बारीक कडं. चालू असेल तर पांढरी भरीव चकती. उद्या कुणी पडदा पूर्ण करडा केला तरी फरक कळला पाहिजे. चित्राचं माप मात्र एका पिक्सेलनंही बदलू नका. परत झिप करा, शेपटाचं नाव पूर्ववत करा, थीमच्या फोल्डरमध्ये टाका.

ट्रॅकसाठी रंग हवेत तर ओकाबे आणि इतो या जपानी जोडीनं रंगांधळ्यांसाठी जुळवलेला संच आहे, त्यातले घ्या. आकाशी (८६, १८०, २३३) गायकाला, नारिंगी (२३०, १५९, ०) पेटीला, पिवळा (२४०, २२८, ६६) पखवाजाला. तिन्ही काळ्यावर स्वच्छ उठतात.

आणखी एक, बुवांचा अभंग वाचवणारी गोष्ट: आर्मच्या बटणावर उजवं क्लिक केलंत की ट्रॅक निवडताच आपोआप आर्म होण्याचा पर्याय मिळतो. तिन्ही ट्रॅकना लावून ठेवा. मग तिन्ही निवडायचे आणि रेकॉर्ड. ठिपका बघायचीच गरज कमी.

रातकिडा

तारेवरचे, दंडवत. मिरजकर, ‘विषय संपला’ मागे घेतो.

भर म्हणून: विंडोजमध्ये सुलभतेच्या सेटिंगांत रंग-फिल्टर असतात. त्यात लाल कमजोर आणि हिरवा कमजोर असे दोन वेगळे पर्याय आहेत. शॉर्टकट आधी तिथेच चालू करा, मग विंडोज-कंट्रोल-सी दाबून लावता-काढता येतो. थीम रंगवून होईपर्यंत चालवा.

मडगावची बाई

मी मडगावला पियानो शिकवते, चर्चच्या गायकवृंदासाठी चार आवाजांची स्वरलिपी म्यूझस्कोअरमध्ये लिहिते. तिथेही हेच दुखणं, फक्त लाल नि शेवाळी असं.

वाद्याच्या किंवा आवाजाच्या आवाक्याबाहेर सूर गेला की तो रंगतो. हौशी गाणाऱ्याला जड जाईल असा असेल तर मळकट पिवळट-हिरवा, व्यावसायिकालाही न झेपणारा असेल तर लाल. माझा एक विद्यार्थी, वय १४, सोप्रानोला, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला, खुशाल अशक्य सूर लिहून आणायचा. दोनदा ओरडले त्याला. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘टीचर, तुम्ही कुठला लाल म्हणता?’ मग माझंच तोंड एवढंसं झालं. आता वर्गात आवाका आम्ही पेन्सिलनं वहीच्या मागच्या पानावर लिहितो आणि सूर रंगवण्याचं सेटिंगच बंद केलंय.

म्यूझस्कोअर ४ मध्ये डार्क आहे, आणि त्याशिवाय हाय कॉन्ट्रास्ट *वेगळा* आहे, काळा आणि पांढरा दोन्ही. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मानल्या हे मला आवडलं. मी चौकट गडद ठेवते आणि कागद पांढराच. काळ्या कागदावर पांढरे सूर मला वाचता येत नाहीत, पण ती बहुधा चाळीस वर्षांची सवय.

रातकिडा

एबल्टनच्या लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच हो. लाइव्ह १२ पासून गडद-फिकट एकीकडे आणि हाय कॉन्ट्रास्टचा खटका दुसरीकडे. पण भजनासाठी एबल्टन घ्या असं मी म्हणणार नाही, घाबरू नका.

पखवाजी मिरजकर

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय, माफी.

तक्ते बघून आलो. डोळसताई, तुमचं बरोबर. लाल बाजूच. डॉक्टर म्हणाले, जन्मापासून आहे, वाढणार नाही, औषध नाही. एका पानावर मला आकडाच दिसेना आणि शेजारी उभी असलेली बायको मोठ्यानं वाचत होती. तिला बाहेर बसवलं.

रंग-फिल्टर एक संध्याकाळ चालवला. बटण दिसलं, पण काढायचं विसरलो, आणि बायकोनं लॅपटॉपवर रेसिपी लावली तर तांबड्या रश्श्याचा रंग बघून तिनं तो बंदच केला. म्हणून थीमच रंगवायला घेतली.

तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री तेच केलं जे तारेवरच्यांनी करू नका म्हणून सांगितलं होतं. एकच बटण रंगवलं. माउस नेला की चकती गायब. शिव्या मनात दिल्या. दुसऱ्या रात्री चित्राचं माप बिघडलं, बटणं अर्धी कापलेली दिसायला लागली. तिसऱ्या रात्री जमलं. बंद म्हणजे पोकळ कडं, चालू म्हणजे पांढरी चकती, चंदनाच्या टिळ्यासारखी. पाटी काळ्याची गडद राखाडी केली. लॅपटॉपमागे देवघरातला जुना झिरोचा बल्ब लावलाय. कपाळ ठणकत नाही.

मग परीक्षा घेतली. तीन ट्रॅक, बायको एकेक आर्म करणार, मी पखवाजाच्या जागेवरून, साधारण नऊ फुटांवरून, सांगणार कुठला चालू. वीस वेळा केलं, वीसच्या वीस बरोबर. गिझरच्या दिव्यावर असं काही चिकटवता येईल का, हे तिनंच विचारलं.

पोराला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘बाबा, हे घाण दिसतंय.’ म्हटलं, मला दिसतंय ना.

आपोआप आर्मचा पर्यायही लावलाय. बुवांना फोन केला, ते पुढच्या गुरुवारी परत येतायत. म्हणाले, त्या दिवशी घसा जरा बसलेलाच होता. नव्हता, मला माहीत आहे.

आता एकच राहिलंय. आवाजाची पातळी दाखवणारा मीटर. खाली हिरवा, मध्ये पिवळा, वर तांबडा, आणि वरचं टोक मला अजून अंधारातच जातं. आवाज फुटला हे कानाला कळतं, पण तोवर टेक गेलेला असतो. याचीही पीएनजीच रंगवायची का?

तारेवरची कसरत

नाही, हे सोपं आहे. रीपरच्या ॲक्शनच्या यादीत ‘थीम’ शब्द शोधा, थीम बदलायची खिडकी उघडेल. तिथल्या रंगांच्या यादीत व्हीयू मीटरचे (तोच तुमचा मीटर) खालचा, मधला, वरचा आणि क्लिपचा, म्हणजे आवाज फुटल्याचा, असे वेगळे रंग मिळतील. खाली गडद निळा (०, ११४, १७८), मध्ये आकाशी, वर पिवळा, क्लिपला शुभ्र पांढरा. वर जाल तसं उजळत गेलं पाहिजे, एवढंच बघा. आणि गुरुवारी गायकाच्या माइकचा गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, थोडा खाली ठेवा. ७८ वर्षांचे बुवा दुसऱ्यांदा येतात तेव्हा पहिल्यापेक्षा जोरात गातात.