कम्युनिटी कॉलेजातलं ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स: उन्हाळ्यात सहा आठवड्यांत उरकू, की फॉलपर्यंत थांबू?

मिरजेची_लॅबवाली (९ एप्रिल)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहिते.

मी फ्रीमाँटला असते, वय ४२. मिरजेत डीएमएलटी करून अकरा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. इथे एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसासोबत मिळणारा व्हिसा) आले, मुलगा हायस्कूलला गेला, आणि आता नर्सिंगच्या अर्जासाठी लागणारे विषय कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) एकेक करून उरकतेय. ॲनाटॉमी झाली, बी मिळाला. फिजिऑलॉजी चालू आहे. राहिलंय ते स्टॅटिस्टिक्स, आणि नेमकी त्याचीच धास्ती आहे.

गणित मी दहावीनंतर सोडलं. १५० पैकी ७१. अकरावीला बायोलॉजी घेऊन गणिताच्या वर्गासमोरून जाताना जो आनंद व्हायचा तो अजून आठवतो. मला वाटलं होतं इथे आधी खालच्या पायरीचं गणित करायला लावतील, तर काउन्सेलर म्हणाली की आता प्लेसमेंट टेस्ट वगैरे काही नसते, थेट स्टॅटिस्टिक्सला बसा. म्हणजे सुटका म्हणायची की ढकलून देणं, कळेना.

तर प्रश्न असा. समरला सहा आठवड्यांचा कोर्स आहे, चार युनिट, पूर्ण ऑनलाइन, लाइव्ह तास नाहीत. फॉलला, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात, तोच सोळा आठवड्यांचा. समरला केला तर अर्ज एक वर्ष आधी जातो. मुलगा अकरावीत आहे, शाळेत एपी (कॉलेजच्या पातळीचं) स्टॅटिस्टिक्स घेतलंय. तो म्हणतो, आई, सोपं असतं. त्याला सगळंच सोपं असतं.

कुणी केलाय का? आणि ते टीआय-८४ कॅल्क्युलेटर घ्यावंच लागतं का? किंमत बघून मी पान बंद केलं.

ट्रेसीचा_पावणा (९ एप्रिल)

ताई, मी केलाय. दोनदा. त्यातच उत्तर आलं.

पहिल्यांदा समरला घेतला, नोकरी सांभाळून. लाइव्ह तास नाहीत म्हटल्यावर मला वाटलं रात्री जेवणानंतर तासभर बसलं की झालं. पहिल्याच आठवड्यात तीन धडे, दोन क्विझ, एक डिस्कशन पोस्ट आणि दुसऱ्या दोघांच्या पोस्टवर उत्तरं. सगळं रविवारी रात्री ११:५९ ला बंद. गृहपाठाच्या वेबसाइटचा कोड वेगळा विकत घ्यायचा हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मास्तरांना ईमेल टाकली की उत्तर यायला दोन दिवस, आणि दोन दिवसांत धडा पुढे गेलेला. तिसऱ्या आठवड्यात सेंट्रल लिमिट थिअरम आला आणि आमची एसटी घाटात बंद पडली. डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याचा शेरा) घेऊन बाहेर पडलो. पैसे परत मिळायची तारीख केव्हाच उलटली होती.

फॉलला दुसऱ्या कॉलेजात घेतला, ए मिळाला. डोकं तेच होतं हो. बायकोने गॅरेजमध्ये टेबल टाकून दिलं आणि मंगळवार-गुरुवार रात्री कुणी हाक मारायची नाही असं ठरलं, एवढाच फरक.

फ्रीवेवरचा_मास्तर (१० एप्रिल)

मी हाच विषय बे एरियातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत शिकवतो, अर्धवेळ. (एका कॉलेजातून दुसऱ्यात गाडी पळवणाऱ्या आमच्यासारख्यांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, नाव त्यावरून.) पुणे विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं की पुढे नर्सिंगवाल्यांना हिस्टोग्राम शिकवशील, तर हसलो असतो. आता तेच वर्ग सगळ्यात आवडतात.

आधी हिशेब करा ताई. इथे एक युनिट म्हणजे सत्रभरात साधारण ४८ तास काम, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. चार युनिट म्हणजे १९२ तास. सोळा आठवड्यांत आठवड्याला १२. सहा आठवड्यांत ३२. कोर्स तोच, पानं तीच, फक्त चहा प्यायला वेळ नाही. समरला दुसरं काही नसेल, मुलगा स्वतःचं स्वतः करून खात असेल, तर जमतं. फिजिऑलॉजीचं सत्र संपल्यावर लगेच उडी मारणार असाल तर मी नको म्हणेन.

पावण्यांनी डब्ल्यूचा उल्लेख केला तो नीट लक्षात घ्या. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत डब्ल्यू हाही एक प्रयत्न धरतात, आणि पास न होता एका कॉलेज-डिस्ट्रिक्टमध्ये एक विषय साधारण तीनदाच घेता येतो. डब्ल्यू न लागता ड्रॉप करायची तारीख समरला फार लवकर येते, पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'पास / नो पास' मात्र निवडू नका, बहुतेक नर्सिंग प्रोग्रॅमना लेटर ग्रेड लागते.

पैशाचं. तुम्ही एच-४ वर आहात, कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त राहिला आहात, त्यामुळे रहिवासी धरलं जायला हरकत नाही. म्हणजे युनिटला ४६ डॉलर, चारचे १८४, वर किरकोळ फी. ॲनाटॉमीला काय लावलं होतं ते बघा, तेच लागेल. वेळापत्रकात शून्य पुस्तकखर्चाची खूण असलेला वर्ग शोधा, पावण्यांसारखा कोडचा फटका बसणार नाही. ओपनस्टॅक्सचं पुस्तक फुकट आहे, आणि ते मुळात तुमच्या शेजारच्या कुपर्टिनोमधल्या डी ॲन्झा कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी लिहिलेलं आहे. टीआय-८४ विकत घेऊ नका. कॉलेजच्या लायब्ररीत सत्रभरासाठी उसनं मिळतं का विचारा. कित्येक मास्तर आता त्याच्याशिवायही चालवतात.

वर्गाच्या नावाखाली बारीक अक्षरात टीप असते ती वाचा. 'पूर्ण ऑनलाइन' लिहून खाली 'फायनल कॅम्पसवर' असं असू शकतं. काही जण कॅमेरा लावून परीक्षा घेतात, तेव्हा खोलीत दुसरं कुणी नको. आणि कॅनव्हासवर (ऑनलाइन वर्ग जिथे चालतो ती साइट) पहिल्या दोन दिवसांत हजेरीची पोस्ट टाका. आमच्याकडे खोटे विद्यार्थी नाव घालतात, फायनान्शियल एडचे पैसे उकळायला. त्यामुळे पहिल्या आठवड्यात जो दिसला नाही त्याला आम्ही काढतो. सून माहेरी गेली होती हे कारण चालत नाही.

शेवटचं: लॅबमध्ये अकरा वर्षं होतात म्हणता. रोज सकाळी कंट्रोल लावत होतात ना?

गपगुमान (१० एप्रिल)

एवढं टेन्शन कशाला? डिस्कशन पोस्ट एआयकडून लिहून घ्या, क्विझ पण. माझ्या मेहुण्याने तसंच काढलं.

मिरजेची_लॅबवाली (१० एप्रिल)

@गपगुमान, तुमच्या मेहुण्यांना माझं रक्त काढायला पाठवू नका म्हणजे झालं.

@मास्तर, हो, कंट्रोल लावत होतेच की. सकाळी साडेसातला मशीन सुरू करायचं, शुगरचा कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावायचा, आकडा चार्टवर टिंब म्हणून मारायचा. मध्ये मीनची (सरासरीची) रेघ, वर-खाली दोन एसडीच्या रेघा. टिंब आत तर पेशंटचे सॅम्पल लावायचे, बाहेर गेलं तर परत लावायचं. एसडी म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. सर म्हणायचे, रेघेच्या बाहेर जाऊ देऊ नका. एकदा सलग दोन दिवस वर गेलं तर सरांनी सगळे रिपोर्ट थांबवले होते. बाहेर पेशंटांची रांग, कोल्हापूरहून आलेले लोक, आणि आम्ही मशीन जुळवायला नवीन कॅलिब्रेटर उघडून बसलेलो. मला तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा फरकाला इतकं काय.

फ्रीवेवरचा_मास्तर (११ एप्रिल)

बसा आता. तुमचा अर्धा कोर्स झालेला आहे.

एसडी म्हणजे आकडे मीनपासून साधारण किती इकडेतिकडे पडतात त्याचं माप. समजा कंट्रोलचा मीन १०० आणि एसडी ३. म्हणजे रेघा ९४ आणि १०६ वर. मशीन पूर्ण बरोबर असलं तरी साधारण वीस दिवसांत एक दिवस टिंब बाहेर जाणारच, नुसत्या योगायोगाने. आज १०७ आला. तुम्ही मनात काय म्हणता? 'मशीन बरोबर आहे असं धरू. मग इतका लांबचा आकडा येण्याची शक्यता किती?' पाच टक्क्यांहून कमी. हीच पी-व्हॅल्यू. 'मशीन बरोबर आहे' हे तुमचं नल हायपोथेसिस. वर्गातली निम्मी पोरं इथे अडखळतात, कारण त्यांनी आयुष्यात कधी मशीनवर संशय घेतलेला नसतो.

एक चूक मात्र जवळजवळ सगळे करतात, ती तुम्ही करू नका. पी-व्हॅल्यू दोन टक्के आली म्हणजे मशीन बरोबर असण्याची शक्यता दोन टक्के, असं नाही. मशीन बरोबर धरल्यावर असा आकडा येण्याची ती शक्यता. परीक्षेत हे एका वाक्यात लिहायला सांगतात आणि मार्क तिथेच जातात.

आणि तुमच्या सरांचं बरोबर होतं. एकदा बाहेर जाणं वीसात एकदा. सलग दोनदा, तेही एकाच बाजूला, हे चांगल्या मशीनकडून हजारात एखाद वेळी. लॅबवाल्यांचे ते वेस्टगार्डचे नियम म्हणतात त्यांतला हा एक. रांग थांबवण्याइतका तो फरक होता.

पुढे टी-डिस्ट्रिब्यूशन येईल, मोजक्या नमुन्यांवरून अंदाज बांधताना लागतं ते. ते शोधणारा गॉसेटही प्राध्यापक नव्हता, डब्लिनला गिनेसच्या दारूभट्टीत नोकरीला होता. नमुने मोजकेच मिळायचे, चार-पाच. १९०८ साली त्याने लेख छापला तो 'स्टुडंट' या टोपणनावाने. तुमच्याच जातकुळीतला माणूस.

फॉललाच घ्या. २०२५ च्या फॉलपासून या कोर्सला राज्यभर एकच नंबर झालाय, स्टॅट सी-१०००. त्यामुळे जवळच्या कॉलेजात जागा नसेल तर दुसऱ्या कॉलेजचा वर्ग घेतानाही ताडून बघणं सोपं जातं.

ट्रेसीचा_पावणा (११ एप्रिल)

मास्तर, मला पहिल्या वेळेला तुम्ही कुठे होता हो.

मिरजेची_लॅबवाली (१८ ऑक्टोबर)

वर आणते धागा. फॉललाच घेतला. आठवा आठवडा चालू आहे. पहिल्या दोन परीक्षांत ८८ आणि ७९. दुसरीत प्रोबॅबिलिटीने मारलं. ते पत्त्यांचे प्रश्न! आमच्या घरी पत्ते फक्त गणपतीच्या जागरणाला निघायचे, चौकट किती नि किलवर किती हे मला मुलाला विचारावं लागलं. कॅल्क्युलेटर लायब्ररीतून मिळालं, मागे कुणाचं तरी नाव नेलपॉलिशने लिहिलेलं आहे.

इंग्रजीची भीती होती ती आता नाही. डिस्कशनला सगळेच दोन ओळी लिहितात. मी पहिल्या पोस्टमध्ये मिरजेची लॅब नि कंट्रोल लिहिला, तर एक मुलगी म्हणाली तीही लॅबमध्ये आहे, साक्रामेंटोला. आता आम्ही दोघी रविवारी फोनवर गृहपाठ तपासतो.

गेल्या आठवड्यात स्वतःचा डेटा गोळा करून कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असावी त्याचा अंदाज) काढायचं होतं. मी चपात्यांचे उंडे घेतले. दोन दिवसांत तीस उंडे, प्रत्येक किचन स्केलवर. मीन ३८ ग्रॅम, एसडी ४.१. इंटर्व्हल ३६.५ ते ३९.५. सासूबाई फोनवर म्हणाल्या, उंडा हाताला कळतो, काट्याला काय कळणार. मुलगा म्हणाला, आई, हे एपीच्या प्रोजेक्टपेक्षा भारी आहे. (हे त्याचं वाक्य मी लिहून ठेवलंय.)

मार्क मिळाले २० पैकी १८. मॅडमनी शेरा लिहिलाय की तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण रँडम सॅम्पल म्हणता ते पटत नाही. मला राग आला. मग जुनी खोड म्हणून तीसही आकडे ज्या क्रमाने उंडे केले त्याच क्रमाने कंट्रोलच्या चार्टसारखे मांडून बघितले. मधल्या रेघेच्या वर-खाली टिंबं, छान. आणि पहिल्या दिवसाचे शेवटचे चार, दुसऱ्या दिवसाचे शेवटचे पाच, सगळे रेघेच्या खाली.

फ्रीवेवरचा_मास्तर (१८ ऑक्टोबर)

कणीक संपत आली होती.

मिरजेची_लॅबवाली (१८ ऑक्टोबर)

हो ना. आणि जेवणारे तेवढेच.