दोन वर्षं झाली, अजून शब्द जोडत नाही. घरी काय करता येईल?

वाकडची_आई
लेक २ वर्षं १ महिन्याचा. आई, बाबा, भू, नको असे पंधराएक शब्द आहेत. 'दूध दे' असं जोडून एकही नाही. कळतं सगळं. चप्पल आण म्हटलं की बरोब्बर बाबाचीच आणतो. घरात मराठी, पाळणाघरात हिंदी. शेजारीण म्हणते एकच भाषा ठेवा, सासूबाई वेखंड उगाळायच्या तयारीत, नवरा म्हणतो 'मीही उशिराच बोललो'. थांबू की दाखवू?

रानजाई
थांब गं, मुलगे उशिराच बोलतात. आमचा अडीचला सुरू झाला, आता झोपेतही बडबडतो.

ओसरी
मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून रानजाई, तुमचं खोडते. बरीच मुलं आपसूक गाठतात हे खरं, पण कोणतं मूल गाठेल ते आधी कळत नाही. दोन वर्षांना दोन शब्द जुळत नसतील तर दाखवायचं. आणि आधी कान तपासायचे. 'हाक मारली की बघतो' यावर जाऊ नका. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तर दाराची बेल ऐकू येते, पण स, श, त निसटू शकतात.

मराठी सोडू नका, दोन भाषांनी बोलणं अडत नाही. शब्द मोजताना पाळणाघरातलं 'पानी'सुद्धा धरा. वेखंड मात्र नको.

घरी 'हे काय? म्हण बघू' बंद करा, ती परीक्षा होते. त्याला मटार सोलायला शेजारी बसवा. शेंग हातात द्या, म्हणा 'उघड'. दाणा पडला की 'पडला!' तो 'पडा' म्हणाला तर 'हो, दाणा पडला', एवढीच भर घाला. मग पुढची शेंग हातात धरून गप्प बसा, मनात दहा मोजा. मोठ्यांना हेच जमत नाही, आपणच बोलून मोकळे होतो. त्यानं नुसता हात पुढे केला तरी 'शेंग हवी?' म्हणून द्या. बोलल्याशिवाय मिळणार नाही, असं अडवू नका. (दाणे तोंडात कोंबणारा असेल तर मटाराऐवजी चमचे-वाट्या.)

वाकडची_आई
ताई, मटार करून बघते. जेवताना मोबाइल लागतो, त्याचं काय?

ओसरी
जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर १ तास सांगितलाय, कमी तर उत्तमच. जेवणातला आधी काढा. वरण, भात, गरम, अजून, संपलं, एवढे शब्द ताटातच असतात. दोन दिवस रडारड होईल. आणि येत असलेले शब्द बंद पडले, किंवा नावाला वळेनासा झाला, तर लगेच डॉक्टर गाठा.

कोथिंबीर_वडी
खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या केंद्राची, चौकशी कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी-उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. कुठेही जा, घरातल्या बोलण्याचा व्हिडिओ काढून ने. नव्या जागी आमची तर आईच्या ओढणीतून बाहेरच येईना.