मदत हवी आहे: कमी वापरल्या जाणाऱ्या ओएसचे (फोन चालवणाऱ्या प्रणालींचे) फोन परीक्षणात घ्यावेत का? घ्यायचे तर तपासायचं काय?

कडकभाकरी

सोलापुरातून चालणाऱ्या एका छोट्या मराठी चॅनलसाठी विचारतेय. महिन्याला ४ फोनांची परीक्षणं होतात, सगळी नेहमीच्या अँड्रॉइडची नाहीतर आयफोनची. आता प्रतिक्रियांमधून ग्राफीनओएस, लिनिएजओएस (दोन्ही अँड्रॉइडवरूनच बनलेल्या), उबंटू टच, सेलफिश (दोन्ही लिनक्सवरच्या) यांची मागणी येते आहे. चॅनलवर दोन मतं आहेत. एक म्हणजे, जो फोन नवी पेठेत मागितल्यावर दुकानदार तोंडाकडे बघत राहील तो दाखवून कोणाचं भलं होणार? दुसरं म्हणजे, कोणी दाखवलंच नाही तर लोकांना पर्याय कळणार कसा?

हाताशी आहे ते सांगते: एक पिक्सेल ७ए, एक शाओमी, लॅपटॉप आणि एअरटेलचं सिम. खर्चाची मर्यादा १५ हजार.

१) घ्यावेत का?
२) नेहमीची यादी (डिस्प्ले, कॅमेरा, गेमिंग, बॅटरी) इथे पुरेल का?
३) गुण कसे द्यायचे? ५ पैकी किती तारे?

बूटलूप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण "लिनिएजओएसचं परीक्षण" असं काही नसतंच. असतं ते "अमुक मॉडेलवर, अमुक तारखेच्या बिल्डचं (त्या दिवशी तयार झालेल्या आवृत्तीचं)". एका फोनवर व्होल्टीई (४जीवरून कॉल), कॅमेरा, बोटाचा ठसा सगळं चालेल आणि शेजारच्या मॉडेलवर ब्लूटूथवरून बोलताना आवाजच जाणार नाही. ज्याने त्या मॉडेलची जबाबदारी घेतली आहे त्याच्या कामावर सगळं ठरतं. म्हणून शीर्षकात मॉडेल आणि बिल्डची तारीख हवीच.

तुमच्याकडे पिक्सेल ७ए आहे म्हणजे नवीन फोन घ्यायची गरज नाही. सरळ पद्धत अशी: आधी ५ दिवस कंपनीची मूळ ओएस, मग त्याच फोनवर ५ दिवस ग्राफीनओएस. तेच सिम, तीच ॲप्स, तेच हवामान. वेगळ्या फोनशी तुलना केली तर फरक ओएसचा की हार्डवेअरचा, हे कधीच कळणार नाही. एप्रिल-मेमध्ये चाचणी घेत असाल तर दोन्ही फेऱ्या लागोपाठच्या दिवसांत घ्या. बाहेर ४२ अंश असताना बॅटरीचं तापमान सहज ४५च्या वर जातं आणि फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. एक फेरी मार्चात आणि दुसरी मेमध्ये घेतली तर दोष उन्हाचा आणि शिव्या ओएसला.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्याकडे फक्त एअरटेलचं सिम आहे, ते पुरणार नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टीई चालत नसेल तर साधा कॉलही होत नाही. एअरटेलवर तोच फोन गुपचूप २जीवर उतरतो आणि कॉल लागतो. तुम्ही म्हणणार "कॉलिंग झकास", आणि जिओवाला माणूस फोन घेऊन डोक्याला हात लावून बसणार. उबंटू टचमध्ये व्होल्टीई मोजक्याच फोनांवर आहे, तिथे तर हा मुद्दा पहिल्या मिनिटालाच सांगायला हवा.

ओळखायचं कसं: कॉल चालू असताना वरच्या पट्टीत ४जी टिकलं आणि त्याच वेळी मोबाइल डेटावर वेबपान उघडलं तर व्होल्टीई आहे. एच किंवा ई दिसलं तर नाही. वायफाय बंद ठेवून बघा, नाहीतर वायफाय कॉलिंगमुळे फसाल. आणि ११२ लावून "तातडीचा कॉल जातो का" असली चाचणी करू नका, पलीकडे खरी यंत्रणा असते.

शेंगाचटणी

बूटलूप म्हणतात ते बरोबर, पण तुम्ही सगळे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करताय की ओ. सोलापुरात कमी चर्चेतली ओएस कोणाच्या हातात आहे? यंत्रमागावर आणि बीडी कारखान्यात जाणाऱ्यांच्या हातातला बटणांचा फोन बघा. जिओफोनमध्ये कायओएस आहे, म्हणजे मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसपासून निघालेलं पिल्लू. फायरफॉक्स ओएसचा इंटेक्स क्लाउड एफएक्स २०१४ मध्ये भारतात १,९९९ रुपयांना आला होता, रॅम १२८ एमबी. स्वस्त होता, पण त्यावर व्हॉट्सॲप अधिकृतपणे कधी आलंच नाही. मोझिलाने २०१५च्या डिसेंबरात स्मार्टफोनचं काम थांबवायची घोषणा केली. सॅमसंगचा टायझनवाला झेड१ जानेवारी २०१५ मध्ये ५,७०० रुपयांना आला, ती मालिकाही संपली. विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲप २०१९च्या शेवटी बंद झालं. कायओएसवर जून २०२४ पासून ते नव्याने उतरवता येत नाही.

म्हणजे अशा ओएसचा फोन मरतो तो हार्डवेअरने नाही, एखादं नेहमीचं ॲप निघून गेलं की मरतो. तुमच्या परीक्षणात "हे ॲप आज चालतं, ते कोण देतं, बंद झालं तर काय" हा तक्ता हवा. मेगापिक्सेल नंतर.

आणि बटणांचे फोन घ्याच. २०२३ मध्ये आलेल्या नोकिया १०५ आणि १०६ ४जी मध्ये यूपीआय १२३पे आहे, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. जिओभारत व्ही२ ९९९ रुपयांत आला, त्यात जिओपेचं यूपीआय आहे. १५ हजारांत असे ३-४ फोन येतील आणि उरलेल्या पैशांत एक जिओ सिम.

कडकभाकरी

बटणांच्या फोनांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. घेते. पण यूपीआयचं जरा सविस्तर सांगा. ग्राफीनवर चालतं म्हणणारे तितकेच, नाही म्हणणारेही तितकेच.

बूटलूप

दोघंही खरं बोलतात, कारण दोघांची ॲप्स वेगळी. यूपीआयची दोन दारं असतात, वेगवेगळी तपासा.

पहिलं दार सिमचं. नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस *बाहेर पाठवतं*. त्यामुळे ओटीपी येतो का एवढं बघून भागत नाही, एसएमएस जातो का ते बघा. सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स किंवा पॅक आहे ना, हेही. उबंटू टचवर वेड्रॉइड वापरून अँड्रॉइड ॲप उघडतं, ते व्हिडिओत दिसायला छान दिसतं, पण वेड्रॉइड हा डबा आहे आणि त्या डब्यातून सिमपर्यंत हात पोचत नाही. नोंदणी तिथेच अडते.

दुसरं दार गुगलच्या प्ले इंटिग्रिटीचं. ॲप गुगलला विचारतं, हा फोन प्रमाणित आहे का. उत्तराच्या तीन पायऱ्या: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. ग्राफीनओएस बेसिकपर्यंतच जातं, कारण गुगलने त्याला प्रमाणपत्र दिलेलं नाही. सुरक्षा कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. फोनचं कुलूप (बूटलोडरचं, दुसरी ओएस बसवू न देणारं) बंद असतं, बूट पडताळलेलं असतं, म्हणजे चालू होताना ओएस कोणी बदललेली नाही ना हे फोन तपासतो. ज्या बँकेचं ॲप डिव्हाइसची पायरी मागतं ते चालणार नाही, जे मागत नाही ते चालेल. पुढच्या अपडेटला तीच बँक मागायला लागू शकते. म्हणून तक्त्यात ॲपचं नाव, आवृत्ती क्रमांक आणि तारीख लिहा. तारखेशिवाय "चालतं" हा शब्द बिनकामाचा.

चाचणी १ रुपया पाठवून, दुसऱ्या कोणाकडून १ रुपया घेऊन, क्यूआर स्कॅन करून, आणि फोन एकदा बंद-चालू करून परत. शेवटची पायरी बरेच जण गाळतात.

एक विनंती. रूट करून (फोनचा पूर्ण ताबा घेऊन), मॉड्यूल टाकून, कुठूनतरी मिळालेल्या किल्ल्यांनी इंटिग्रिटी फसवायची आणि "बघा, यूपीआय चालतं" म्हणायचं, हे करू नका. गुगल त्या किल्ल्या रद्द करत असतं, आज चाललेलं पुढच्या आठवड्यात बंद. प्रेक्षकाचे पैसे आहेत तिथे जुगाड शिकवायचा नसतो.

रफार

मराठीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. सेटिंगमध्ये "मराठी" दिसली की काम झालं असं समजू नका. हे वाक्य टंकून बघा:

*दुसऱ्या ॲपमधून सोलापूरच्या कार्यकर्त्याने महाराष्ट्रातल्या ऑफिसला ज्ञानाचं पत्र पाठवलं.*

काय बघायचं: "दुसऱ्या"मधला ऱ्य चंद्रकोरीसारखा यायला हवा. त्याच्या जागी रफार आला, म्हणजे "दुसर्या" दिसलं, तर कीबोर्डमध्ये नुक्त्याचा ऱ नाही किंवा फॉन्ट जुना आहे. "ॲ" हे एकच अक्षर म्हणून यायला हवं. काही कीबोर्ड "अ"वर चंद्र चिकटवतात आणि मग शोध घेताना शब्द सापडत नाही. "ष्ट्र" फुटून हलन्त दिसला तर रेंडरिंगच कच्चं. हीच तपासणी तीन ठिकाणी करा: मेसेजमध्ये, ब्राउझरमध्ये आणि नोटिफिकेशनमध्ये. तिन्हींचे फॉन्ट वेगळे असू शकतात.

गुगलचा कीबोर्ड नको असेल तर हेलीबोर्ड हा कीबोर्ड बघा, त्यात मराठी आहे आणि तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. शिवाय आपल्याकडे घरात तेलुगू, दुकानात मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड. तिन्ही लेआउट एकाच वेळी लावून अदलाबदल करून दाखवा. सोलापूरच्या प्रेक्षकाला याचं मोल फ्रेम-रेटपेक्षा जास्त.

बोट घसरवून टंकायची सोय हेलीबोर्डमध्ये जशीच्या तशी नाही, वेगळी लायब्ररी टाकावी लागते. हेही सांगा, नाहीतर लोक खाली येऊन भांडतील.

कडकभाकरी

वाक्य जतन केलं. आता बसवण्याचा भाग: व्हिडिओत पूर्ण दाखवायचा की नाही? आणि शाओमीवर लिनिएज टाकावं का?

बूटलूप

शाओमी नंतर. त्यांच्याकडे कुलूप उघडायला आधी १६८ तास थांबायला लागायचं, हायपरओएस (शाओमीची नवी ओएस) आल्यावर नियम आणखी कडक झाले. शूटिंगची तारीख त्यावर बेतू नका.

पिक्सेलचं पूर्ण दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे. क्रम असा:

बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग (कुलूप उघडायची परवानगी) चालू. फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण धरून चालू करा, फास्टबूट (ओएस बसवायचा पडदा) येतं. लॅपटॉपवर क्रोम किंवा एज उघडून ग्राफीनचा वेब इन्स्टॉलर. फायरफॉक्स चालत नाही, कारण त्यात वेबयूएसबी (ब्राउझरमधून केबलने फोनशी बोलायची सोय) नाही. केबल थेट लॅपटॉपला, हब मध्ये नको. अर्ध्यात तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण खराब केबल हेच. कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, बंद करतानाही पुसलं जातं, म्हणून सिम आणि फोटो आधीच बाजूला.

शेवटी कुलूप परत बंद करायचं. ग्राफीनवर ते करायलाच हवं. पण याच्या नेमकं उलट लिनिएजवर: बहुतेक फोनांवर लिनिएज टाकून कुलूप लावलं तर फोन उठणारच नाही. हे दोन्ही एकाच व्हिडिओत आले तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण लोक अर्धं बघून हात घालतात. उघड्या कुलपाचा आणखी एक तोटा: अनेक फोनांवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी गुगलची सोय) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर येतं आणि ओटीटीचं चित्र धुरकट होतं.

अपडेटबद्दल: लिनिएजमध्ये दोन तारखा दिसतात, अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची आणि व्हेंडर पॅचची. पहिली ताजी, दुसरी तीन वर्षं जुनी, असं खूप फोनांवर असतं. मोडेम आणि चिपचं फर्मवेअर कंपनीच देते, तिने हात वर केले की लिनिएजवाले काही करू शकत नाहीत. दोन्ही तारखा दाखवा.

शेंगाचटणी

नोटिफिकेशन राहिलं. गुगलच्या सेवा नसतील तर प्रत्येक ॲपला स्वतःची जोडणी जिवंत ठेवावी लागते, त्यात बॅटरी जाते किंवा मेसेज उशिरा येतो. स्क्रीन बंद करून फोन ३० मिनिटं ठेवा, दुसऱ्या फोनवरून मेसेज टाका, किती मिनिटांनी वाजला ते लिहा. ५ वेळा करा. रात्रीचे ८ तास सिम घालून, वायफाय बंद ठेवून किती टक्के उतरलं, तेही.

ताऱ्यांचं म्हणाल तर देऊ नका. ४ तारे बघून कोणी आईला उबंटू टचचा फोन घेऊन दिला तर तुम्हालाच फोन येईल. "जिओवर कॉल: नाही. बँक ॲप: १० पैकी ६, या तारखेला. मराठी: ठीक" एवढं सुरुवातीच्या मिनिटातच सांगा. आणि ९० दिवसांनी त्याच फोनची १० मिनिटांची दुसरी फेरी. या ओएसचा खरा रंग अपडेटनंतरच दिसतो.

कडकभाकरी

ठरलं तर: पहिला भाग बटणांचे फोन, दुसरा पिक्सेल. त्यापुढच्या भागासाठी आणखी एक जुना पिक्सेल घ्यायचा विचार आहे, सेकंडहँड. काय बघू?

बूटलूप

*#०६# करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, इंग्रजीत KYM, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर कळेल. आधीच्या मालकाचं गुगल खातं त्याच्यासमोरच काढून घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच वायफाय जोडून ओईएम अनलॉकिंगचं बटण दाबून बघा. अमेरिकेतल्या व्हेरायझनचे पिक्सेल इकडे फिरत येतात, त्यांत ते बटण कायमचं राखाडी असतं, काही केल्या उघडत नाही. नेट नसतानाही ते राखाडीच दिसतं, म्हणून वायफाय आधी, निर्णय मग.