फोनमधली कागदपत्रं आपोआप कॉम्प्युटरवर: केडीई कनेक्ट की सिंकथिंग?

निपाणीकर_डीटीपी
निपाणीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट, फोन अँड्रॉइड १३. गिऱ्हाईक उतारे, आधार, रेशन कार्ड व्हॉट्सअॅपवर टाकतात, काहींचे फोटो फोननंच काढावे लागतात. सारखी केबल लावायला नको. नेट बंद असतानाही व्हॉट्सअॅप आणि कॅमेरा ही दोन फोल्डरं कॉम्प्युटरवर यायला पाहिजेत. शिवाय फोनवर आलेला कन्नड पत्ता कॉपी करून कॉम्प्युटरवर पेस्ट करता आला पाहिजे. फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून जोडणारं केडीई कनेक्ट टाकलंय, पण फोनला कॉम्प्युटर दिसतच नाही. दोन्ही एकाच वायफायवर आहेत.

मलप्रभाकाठ
फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर नाही ना ते आधी बघा. गेस्टमध्ये, किंवा ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल तर, एकाच वायफायवरची दोन यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मग आयपी पत्ता हातानं घालूनही उपयोग नाही. तिथं सगळं ठीक असेल तर मिंटची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) बघा. ती मुळात बंद असते, पण कुणी चालू केली असेल तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट, म्हणजे जोडणीची दारं, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. बहुतेक जण एकच उघडतात आणि तिथंच फसतात.

कन्नड पत्त्याचं काम होईल. पण अँड्रॉइड १० पासून मागं चालणाऱ्या अॅपला क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर) वाचता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरवरचा मजकूर फोनवर आपोआप जातो, उलट दिशेला मात्र कॉपी केल्यावर केडीई कनेक्टच्या नोटिफिकेशनमधलं ‘सेंड क्लिपबोर्ड’ दाबावं लागतं.

टिळकवाडी_लिनक्स
फोल्डरांसाठी सिंकथिंग घ्या, ते दोन यंत्रांवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवतं. अँड्रॉइडचं मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता एफ-ड्रॉइड या मोफत अॅपच्या स्टोअरवरून सिंकथिंग-फोर्क (त्याचीच दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती) टाकायचं. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ उघडा, ‘शो आयडी’ करा आणि तो क्यूआर कोड फोननं स्कॅन करा. आयडी ५६ अक्षरांचा आहे, हातानं टाईप करत बसू नका. कॉम्प्युटरवर ‘नवीन यंत्र’ अशी विचारणा आली की होय म्हणा. फायरवॉल चालू असेल तर २२००० टीसीपी-यूडीपी आणि २१०२७ यूडीपी उघडा.

व्हॉट्सअॅपच्या फाइली आता ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरात असतात. तिथलं फक्त ‘व्हॉट्सअॅप डॉक्युमेंट्स’ घ्या. त्याच्या आत ‘सेंट’ असतं, ते वगळायच्या यादीत घाला, नाहीतर तुम्हीच पाठवलेल्या पीडीएफ परत येतील. फोनवर फोल्डर ‘सेंड ओन्ली’, कॉम्प्युटरवर ‘रिसीव्ह ओन्ली’. मग कॉम्प्युटरवरचं सेफ.

मलप्रभाकाठ
शेवटचं वाक्य घात करेल, भाऊ. ‘रिसीव्ह ओन्ली’मुळं कॉम्प्युटरवरचा बदल फोनवर जात नाही एवढंच. फोनवर डिलीट केलेलं मात्र कॉम्प्युटरवरूनही जातं, कारण डिलीट हाही एक बदलच. जागा भरली म्हणून फोनवरचे उतारे पुसले की दुकानातलेही गेले.

म्हणून कॉम्प्युटरच्या बाजूला (फोनवर नव्हे) फोल्डरच्या ‘फाइल व्हर्जनिंग’मध्ये (जुन्या प्रती राखायची सोय) ‘ट्रॅश कॅन’ निवडा. दिवस ३० ठेवा, ० ठेवलं तर कायमचं राहतं. पुसलेली फाइल त्याच फोल्डरातल्या एका लपलेल्या फोल्डरात जाते, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसते. आणि महत्त्वाचे कागद रोज दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

आणखी एक. आधारचा फोटो त्याच फोल्डरात क्रॉप करून सेव्ह केलात की लाल ‘रिव्हर्ट लोकल चेंजेस’ बटण येतं. ते दाबलं की तुमचं क्रॉप गेलं आणि फोनवरचा मूळ फोटो परत आला. काम नेहमी बाहेरच्या फोल्डरात करायचं.

निपाणीकर_डीटीपी
चाललं. पण लाईट गेली की राउटर बंद. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, त्याला फोनचा हॉटस्पॉट दिला तर सिंक थांबतं.

टिळकवाडी_लिनक्स
मलप्रभाकाठ, चूक मान्य. व्हर्जनिंग पाहिजेच.

हॉटस्पॉट देताना फोन स्वतः वायफायवर नसतो आणि अॅपमध्ये ‘फक्त वायफाय’ ही अट असते, म्हणून ते झोपतं. तेवढ्यापुरतं अॅपमध्ये सक्तीनं चालू करा. फाइली हॉटस्पॉटवरूनच जातात, त्यात डेटा जात नाही. राउटर परत आला की पुन्हा अटींवर टाका, नाहीतर तुम्ही बाजारात गेलात की ४० एमबीची पीडीएफ मोबाइल डेटावरून निघेल.

बॅटरी सेटिंगमध्ये या अॅपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून सोडा. आणि फोनवर क्लीनर अॅप असेल तर काढा. सिंकथिंग प्रत्येक फोल्डरात खुणेसाठी एक छोटं लपलेलं फोल्डर ठेवतं. क्लीनर ते रिकामं समजून उडवतो आणि सिंक ‘मार्कर मिसिंग’ म्हणून अडून बसतं.