आन्ना गेर्मान: जर्मन आडनाव, पोलिश गायिका आणि रशियन तबकडी

नौपाडेकर (ठाणे पश्चिम)

वडिलांच्या निधनानंतर नौपाड्यातील घर आवरताना कपाटाच्या तळाशी दहाबारा तबकड्या सापडल्या. बहुतेक नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या आहेत, मात्र त्यांतील एकीने मला कोड्यात टाकले आहे. वेष्टनावर फिकट केसांच्या एका उंच स्त्रीचे छायाचित्र असून सगळा मजकूर रशियन लिपीत आहे. वडील सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांना नेमाने जात आणि पुस्तकांबरोबर तेथील स्वस्त तबकड्याही घेऊन येत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूस त्यांच्या अक्षरात 'जर्मन गायिका, १९७८' एवढीच नोंद आहे.

रशियन शिकणाऱ्या भाचीने नाव वाचून दाखवले: आन्ना गेर्मान. ही गायिका जर्मन नव्हे, रशियनही नव्हे, तर पोलिश होती, असे ती म्हणते. मला पडलेले प्रश्न असे. पोलंडमधील लोकप्रिय गायिकेची रशियन गाण्यांची तबकडी सोव्हिएत कंपनीने का काढावी? तिची खरी कारकीर्द कोणत्या देशातली मानायची? आणि तिला पॉप गायिका म्हणतात ते कोणत्या अर्थाने? कारण मी जे ऐकले त्यात ठेका जेमतेम आहे, वाद्ये मागे राहतात आणि बाई आवाज न चढवता, जणू शेजारी बसलेल्या माणसाला सांगावे तशी, शांतपणे गाते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_तबकडी (वाशी)

आपल्या वडिलांची चूक अगदी स्वाभाविक होती. हे आडनाव इंग्रजी लिपीत लिहिले की आपण ते 'जर्मन' असेच वाचणार. पोलिश आणि रशियन या दोन्ही भाषांत त्याचा उच्चार 'ग'ने सुरू होतो. गंमत अशी की नोंद सर्वस्वी चुकीचीही नाही, कारण आन्ना यांच्या वडिलांचे मूळ आडनाव जर्मन वळणाचे, ह्योरमान असे होते, आणि आईचे घराणे पिढ्यान्पिढ्या रशियात राहिलेल्या डच वंशाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे होते. आन्ना यांचा जन्म तर १४ फेब्रुवारी १९३६ रोजी उझबेकिस्तानातील उरगेंच या गावी झाला. म्हणजे पोलंडची ही गायिका दहा वर्षांची होईपर्यंत पोलंडमध्ये राहिलेलीच नव्हती.

१९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत त्यांच्या वडिलांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धकाळात आईने एका पोलिश अधिकाऱ्याशी दुसरे लग्न केले. तो अधिकारी युद्धात कामी आला, पण त्या लग्नामुळेच १९४६ मध्ये आई, आजी आणि मुलगी यांना पोलंडला जाता आले. पुढे व्रोत्सवाफ विद्यापीठातून आन्ना यांनी भूगर्भशास्त्राची पदवी घेतली. गाणे विद्यार्थ्यांच्या रंगमंचावरून सुरू झाले, आणि तेही हौसेखातर. त्या काळच्या पोलंडमध्ये व्यावसायिक गायनासाठी सरकारी परवाना लागत असे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागे. खडकांचा अभ्यास केलेल्या या मुलीने ते सोपस्कार पार पाडले आणि १९६४ मध्ये 'नाचणाऱ्या युरिडिस' अशा अर्थाच्या नावाच्या गाण्याने त्यांचे नाव देशभर झाले. चाल कातार्झिना गेर्टनेर या संगीतकर्तीची होती. ओपोले आणि सोपोत हे तेथील दोन मोठे गीतमहोत्सव. दोन्हीकडे त्या वर्षी त्यांचे कौतुक झाले.

त्यानंतर इटली. १९६६ मध्ये मिलानच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांच्याशी तीन वर्षांचा करार केला आणि १९६७ च्या सान रेमो महोत्सवात त्या गायल्या. त्या महोत्सवात एकच गाणे दोन गायकांकडून स्वतंत्रपणे गाऊन घेण्याची प्रथा होती. आन्ना यांचे गाणे फ्रेद बोंगुस्तो यांच्याही वाट्याला होते आणि ते अंतिम फेरीपर्यंत पोचले नाही. त्याच महोत्सवात लुईजी तेन्को या गायकाचा मृत्यू झाल्यामुळे बाकी कशाकडे कोणाचे फारसे लक्षही राहिले नाही. तरीही इटलीत त्यांचे कार्यक्रम वाढत होते. २७ ऑगस्ट १९६७ च्या रात्री एका कार्यक्रमाहून मिलानकडे परतताना गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागला आणि गाडी महामार्गावरून बाहेर फेकली गेली. आन्ना यांची असंख्य हाडे मोडली, कित्येक दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या आणि पुढचे काही महिने त्यांनी प्लास्टरमध्ये काढले.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या अपघातानंतरच्या वर्षांत आहे. त्याआधीची आन्ना गेर्मान ही महोत्सवांतून वर येणारी, ताना घेण्याची हौस असलेली, उंच सुरांची गायिका होती. दोन वर्षांहून अधिक काळ अंथरुणाशी आणि व्यायामाशी झगडून परतलेली गायिका वेगळी आहे. १९७० मध्ये तिचा 'मानवाचे प्राक्तन' अशा अर्थाचा गीतसंग्रह आला. त्याच्या शीर्षकगीताची चाल तिने स्वतःच बांधली होती आणि शब्द अलिना नोवाक यांचे होते. त्याच सुमारास इटलीतील अनुभवांवरचे तिचे पुस्तकही आले. आपण ज्या शांतपणाचा उल्लेख केलात तो या दुसऱ्या पर्वाचा आहे. दोन्ही काळांतील ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली की सुरुवातीच्या गाण्यांत आवाज वाद्यवृंदाच्या वर उडतो, तर नंतरच्या गाण्यांत वाद्यवृंदाला थांबून तिची वाट पाहावी लागते, हे लक्षात येते.

मूळ_कोल्हापूरकर (नेरुळ)

उरगेंचचा उल्लेख वाचून राहवले नाही. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. आमच्याकडे वळिवड्याची पोलिश छावणी हा आजही घराघरांतला विषय आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त. त्यांतील बहुतेक जण सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेले होते आणि १९४२ मध्ये उझबेकिस्तानसारख्या मध्य आशियाई प्रदेशांतून, पोलिश सेनापती अँडर्स यांच्या सैन्याबरोबर, इराणमार्गे बाहेर पडले होते. पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिलेली ती मुले आणि ही मुलगी एकाच काळात, जवळपास त्याच मुलुखात भाकरीसाठी रांगेत उभी असणार. ती मुले आपल्याकडे आली आणि ही मात्र १९४६ पर्यंत तिथेच राहिली.

त्यामुळे ती रशियन भाषेत का गायली, या प्रश्नाचे एक साधे उत्तर असे की रशियन ही तिच्यासाठी शिकलेली परकी भाषा नव्हती, बालपणाची भाषा होती. पोलिश भाषा तिने वयाच्या दहाव्या वर्षानंतर आत्मसात केली. एरवी पाहुणे गायक परभाषेतील गाणी उच्चार पाठ करून म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. हिच्याबाबतीत तो अडसर नव्हता.

कोपरखैरण्याचा_श्रोता

वरील दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु मला एक शंका आहे. अपघात, वडिलांचा मृत्यू, स्वतःचे अल्पायुष्य (१९८२ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी कर्करोगाने निधन) एवढे सारे एका आयुष्यात असले की श्रोते गाणे ऐकत नाहीत, कहाणी ऐकतात. आपल्याकडेही अकाली गेलेल्या गायकांच्या बाबतीत हे होतेच. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका २०१३ मध्ये पोलंडच्या सरकारी वाहिनीवर दाखवली गेली आणि तेव्हा तेथील नव्या पिढीला ती नव्याने माहीत झाली. जी गायिका खरोखर लोकप्रिय होती तिला मालिकेची गरज का पडावी? शिवाय मॉस्कोत एवढी लाडकी झालेली गायिका वॉर्सातील लोकांना त्या काळी थोडी अडचणीचीच वाटत असणार, असेही मला वाटते.

जुनी_तबकडी (वाशी)

आपली शंका रास्त आहे, पण ती पोलंडपुरती. मॉस्कोतील तिच्या लोकप्रियतेला ती लागू होत नाही, कारण त्या लोकप्रियतेची यंत्रणाच वेगळी होती.

सोव्हिएत संघात १९६४ पासून 'मेलोदिया' ही एकच सरकारी ध्वनिमुद्रण कंपनी होती. तेथे निर्मिती विभागात आन्ना काचालिना नावाच्या संपादिका होत्या, ज्यांनी या गायिकेसाठी वर्षानुवर्षे गाणी निवडली. आघाडीच्या सोव्हिएत संगीतकारांची गाणी तिच्यापर्यंत पोचत आणि ती मॉस्कोस येऊन ती ध्वनिमुद्रित करी. अलेक्सांद्रा पाखमुतोवा यांनी स्वरबद्ध केलेले आणि निकोलाय दोब्रोन्रावोव यांनी लिहिलेले 'नाद्येझ्दा' म्हणजे 'आशा' हे गाणे तिच्याआधीही गायले गेले होते, परंतु तिने गायल्यानंतर ते तिचेच झाले. व्लादिमीर शाईन्स्की यांची फुलबागांची आठवण सांगणारी चाल आणि १९७७ च्या एका युद्धपटातील येवगेनी प्तिच्किन यांचे 'प्रेमाचा प्रतिध्वनी' हे गाणे, ही त्यानंतरची उदाहरणे. एकदा तबकडी निघाली की ती कंपनीच्या एकाच वितरणजाळ्यातून देशभर जाई, निर्यातही होई. आपल्या नौपाड्यातील कपाटात ती पोचली ती त्याच वाटेने. यांतील बहुतेक गाणी १९८२ पूर्वीच लोकांच्या तोंडी होती, म्हणजे निधनाच्या कहाणीने ती लोकप्रिय झाली असे म्हणता येणार नाही.

पोलंडमध्ये काय झाले याबाबत राजकारणाचा तर्क मी बाजूला ठेवीन. १९६७ मध्ये, म्हणजे तिच्या अपघाताच्याच वर्षी, चेस्वाफ न्येमेन यांच्या धारदार आवाजाने तेथील तरुणांची अभिरुची बदलायला सुरुवात झाली होती. ती परतली तेव्हा विजेच्या गिटारींचा जमाना आला होता आणि तरुणांच्या कानांना तिची सौम्य गाणी आदल्या पिढीची वाटू लागली होती. मोठ्यांमध्ये मात्र तिचा संग्रह उत्तम खपला. मॉस्कोत त्याउलट कवीचे शब्द, स्वतंत्र संगीतकार आणि गायक अशी तिघांची मांडणी अजून भक्कम होती. त्या प्रकाराला तेथे 'एस्त्रादा' म्हणतात. त्याला पॉप हा शब्द सोयीसाठी लावला जातो, पण मराठी कानाला तो आकाशवाणीवरील भावगीताच्या अधिक जवळचा वाटेल. नौपाडेकर, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच.

तिची कारकीर्द कोणत्या देशाची, यावर मी एवढेच म्हणेन की पोलंडने तिला व्यासपीठ दिले, इटलीने जगाची चव आणि जखमा दिल्या, पण तिच्या आवाजाला नेमकी साजेशी गाणी सातत्याने मिळाली ती मॉस्कोत. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ तमारा स्मिर्नोवा यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या २५१९ क्रमांकाच्या लघुग्रहाला तिचे नाव आहे. हे झाले मिरवण्यापुरते, खरी साक्ष त्या तबकड्यांचीच.

आता एक व्यावहारिक सूचना. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर 'गोस्त ५२८९' आणि त्यापुढे रेघ देऊन दोन अंक दिसतील. गोस्त म्हणजे सोव्हिएत मानक, आणि ते दोन अंक म्हणजे त्या मानकाचे वर्ष. ७३ असेल तर तबकडी १९७३ नंतर आणि ८० चे मानक येण्यापूर्वी छापलेली आहे. क्रमांकाच्या सुरुवातीस 'एस'साठीचे रशियन अक्षर, जे दिसायला इंग्रजी 'सी'सारखे असते, आणि ६० असेल, तर अक्षर स्टिरिओ दर्शवते, ६ हा आकडा एस्त्रादा प्रकार आणि शून्य हा मोठ्या आकाराची तबकडी. ही पद्धत १९७५ पासूनची आहे.

नौपाडेकर (ठाणे पश्चिम)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंगाने पाहिले. गोस्त ५२८९ पुढे ७३ आहे आणि क्रमांक 'सी'सारख्या अक्षराने व ६० ने सुरू होतो. म्हणजे वडिलांनी लिहिलेले १९७८ हे वर्ष बरोबर जुळते. नोंदीतील 'जर्मन' हा शब्द मी खोडणार नाही, खाली पेन्सिलीने 'पोलिश' असे लिहीन.

भाचीने गाण्यांची यादी वाचून दाखवली आणि त्यात 'नाद्येझ्दा' आहे. दुर्दैवाने ते दुसऱ्या बाजूवर आहे, जिथे ठाण्याच्या पावसाळ्यांनी बुरशीचे ठिपके उठवले आहेत आणि सुई तिसऱ्या कडव्याशी अडखळते. वाशीच्या मित्रांकडे ही तबकडी स्वच्छ स्थितीत असल्यास एखाद्या रविवारी ट्रान्स-हार्बरने येऊन ते गाणे शेवटपर्यंत ऐकण्याची परवानगी असावी.

जुनी_तबकडी (वाशी)

अवश्य या. आपली तबकडीही घेऊन या. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मधला कागद कोरडा ठेवून, मऊ सुती कापडाने तबकडीच्या गोलाईने म्हणजे खाचांच्याच दिशेने पुसल्यास ठिपके बरेच जातात. आडवे मात्र पुसू नये.