मदत हवी आहे: कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू की हाय-फ्लो बसवू?

भावांनो, गाडी 2014 ची पोलो जीटी टीएसआय. रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरचं ट्यूनिंग) झालाय, आता डाउनपाइपवर अडलोय, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप; धूर साफ करणारा कॅट त्यातच असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर म्हणतोय, "कॅट काढून सरळ पाइप मारू, नाद खुळा आवाज!" वर जुना कॅट भंगारात घेतो म्हणे. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, हे त्याला बरोबर माहितीय.

मित्राच्या गाडीला त्यानंच मारलाय. आवाज भारी, खोटं कशाला बोलू. पण रंकाळ्याजवळ सिग्नलला थांबलो की काच खाली असली तर जळक्या धुराचा उग्र वास थेट आत. वहिनी नाकाला ओढणी लावूनच बसतात. मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळं चेक इंजिनचा दिवाही पेटलेलाच, कोड पी0420, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. शिवाय पीयूसीचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 पर्यंत दंड आहे.

माझा कल 200 सेलच्या (चौरस इंचाला 200 छिद्रं, धुराला कमी अडथळा) हाय-फ्लो कॅटकडं आहे. टर्बो गाडीला कुणी बसवलाय का? सरळ पाइपच्या तुलनेत पिकअपमध्ये फरक जाणवतो का? पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किती आला? आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यात टिग वेल्डिंग नीट करणारं कोण आहे? आवाजाचे व्हिडिओ नकोत, ते बघून बघूनच हा घोळ झालाय.