अनुभव धागा: 'धोका वाढतो' अशी बातमी वाचल्यावर तुमचं काय होतं?

आरोग्याची घाबरवणारी बातमी आली की आमच्या घरात कुणी ती लगेच दहा ग्रूपवर ढकलतं, तर कुणी म्हणतं, "उद्या हेच चांगलं म्हणून छापतील." मी तर उघडतच नाही. तुमचं सांगा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

रिकामटेकडा: कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लिहून दिली. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचला, त्यात 'स्नायुदुखी' दिसलं आणि संध्याकाळी पोटऱ्या ठणकायला लागल्या. गोळी अजून पाकिटातच होती! मग २०२० मधल्या ब्रिटनच्या सॅमसन चाचणीबद्दल वाचलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्यांना आलटून पालटून खरी आणि खोटी गोळी दिली. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही जाणवला. दुखणं मात्र खरंच असतं हो, नाटक नसतं.

गणितवाली: मला 'दुप्पट' या शब्दाचा राग आहे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं, की नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. म्हणजे किती? ७००० बायकांमागे एकीऐवजी दोघींना. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त! तेव्हापासून टक्केवारी दिसली की मी आधी विचारते, कितीचे टक्के?

कुंभकर्ण: जुलै २०२३, ॲस्पार्टेमची बातमी, म्हणजे डाएट कोल्ड्रिंकमध्ये साखरेऐवजी घालतात ते. जागतिक आरोग्य संघटनेनं 'कर्करोगकारक असू शकतं' एवढंच म्हटलं होतं, रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम तशीच ठेवली होती. आमच्या थोरल्या बंधूंनी डाएट कोल्ड्रिंक बेसिनमध्ये ओतलं. दुसऱ्या हातात सिगारेट! ओळखीच्या धोक्याची माणसाला भीती वाटेनाशी होते, असं माझं मत.

घाबरट ससा: माझं उलटंच. थायरॉइडच्या गाठीवरचा लेख वाचला आणि दिवसभर गळा चाचपत बसले. चाचपून चाचपून तिथे दुखायला लागलं, मग खात्रीच पटली. सोनोग्राफी करून आले, पण रिपोर्टची पीडीएफ फोनमध्ये तशीच पडून आहे. जोवर उघडत नाही तोवर मला काही झालेलं नाही, असं मनाचं गणित.

गणितवाली: @घाबरट ससा, ती पीडीएफ आत्ता उघड. नाहीतर डॉक्टरांकडे जाऊन त्यांच्यासमोर उघड. आम्ही आहोत इथे.